हिरड्यांचा रंग

व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या विमानतळावर, विमानापासून वीस पावलांवरच्या गवतात, बिस्किट चारही पाय रोवून उभी होती. वजन 52 पौंड, म्हणजे साडेतेवीस किलो. लोंबते कान, उजव्या कानाचं टोक फाटलेलं, पाठीवर तपकिरी डाग. शेल्टरच्या बाईंनी तिला गाडीतून उतरवलं तेव्हाच तिचं शेपूट पोटाशी गेलं होतं. शिकारीचा हंगाम संपला की त्या भागात अशी हाउंड कुत्री रस्त्याकडेला सापडतात. ही त्यांतलीच असावी असं बाईंचं म्हणणं. मी पट्टा हातात धरून तिला चुचकारत होते. ती जागची हलत नव्हती.

“ओढू नकोस. थांब जरा,” अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात पशुवैद्यकीय खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली निम्मी पाटण तालुक्यात. 2016 च्या एप्रिलमध्ये ते आमच्याकडे आले होते, वय 78. ते गवतात बसले, तिच्याकडे पाठ करून. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चार-पाच मिनिटं गेली असतील. ती पुढे आली आणि तिने त्यांचा हात हुंगला. मग त्यांनी हळूच तिचा ओठ वर केला, अंगठ्याने हिरडी दाबली, सोडली, आणि मनात काहीतरी मोजलं.

“दोन सेकंदांच्या आत रंग परत आला. गुलाबी आहे. घाबरलीय नुसती, आजारी नाही. आता उचल.”

तोवर मी 31 कुत्री विमानातून नेली होती आणि एकाचीही हिरडी बघितली नव्हती.

मी न्यू जर्सीत राहते, एका बँकेच्या संगणक विभागात काम करते. खासगी वैमानिकाचा परवाना मी 2009 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी काढला. नियमाप्रमाणे किमान 40 तासांचं उड्डाण लागतं; मला 71 लागले. विमान आम्हा चौघांच्या मालकीचं आहे. 1978 चं सेस्ना 172, चार सीट, 160 अश्वशक्तीचं एकच इंजिन. 1956 पासून या जातीची 44,000 हून जास्त विमानं बनली. दुसरं कुठलंच विमान इतकं बनलेलं नाही. आत बसलं की जागा पद्मिनी फियाटएवढीच वाटते आणि वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास.

पहिली दोन-तीन वर्षं शनिवारी उडायचं, कुठेतरी उतरून खायचं आणि परत यायचं, एवढंच चालायचं. त्यात आनंद होता, पण तो पुरेनासा झाला. चौघांपैकी एकाने मला ‘पायलट्स एन पॉज’बद्दल सांगितलं. साउथ कॅरोलिनातल्या डेबी बॉइज यांना फ्लोरिडातून एक डॉबरमन आणायचा होता. जॉन वेरेनबर्ग नावाच्या वैमानिकाने तो आपल्या विमानातून आणून देण्याची तयारी दाखवली, आणि त्यातून 2008 मध्ये ही संस्था उभी राहिली. दक्षिणेकडच्या ग्रामीण भागात कुत्र्यांची नसबंदी कमी होते, हिवाळा सौम्य असल्याने वर्षभर पिल्लं होत राहतात आणि शेल्टरं भरून जातात. जागा संपली की धडधाकट कुत्र्यालाही मरणाची सुई दिली जाते. दत्तक घ्यायला तयार असलेली घरं मात्र उत्तरेत आहेत. मधलं अंतर गाडीने कापायचं तर दहा-बारा तास लागतात, आणि ते पिंजऱ्यात, अनोळखी माणसांबरोबर. म्हणून वैमानिकांनी हे अंतर टप्प्याटप्प्याने वाटून घेतलं आहे. लिंचबर्ग ते मध्य न्यू जर्सी हा माझा टप्पा. खासगी परवान्यावर या कामाचे पैसे घेता येत नाहीत. तासाला आठ गॅलन पेट्रोल, ते स्वतःच्या खिशातून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या पगारातला इतका सत्कारणी लागलेला पैसा दुसरा नाही.

नकाशावर ही वाट सरळ दिसते, उडताना ती सरळ नसते. 2001 च्या हल्ल्यानंतर वॉशिंग्टनभोवती 30 सागरी मैलांच्या त्रिज्येचं खास नियमांचं आकाश आहे. त्यात शिरायचं तर आधी योजना दाखल करायची, वेगळा संकेतांक घ्यायचा, सतत रेडिओवर राहायचं. त्याच्या वायव्येला कॅम्प डेव्हिड, तिथे तर बंदीच. म्हणून मी लँकेस्टरवरून हेगर्सटाउनला जाते, तिथून शेनन्डोआच्या खोऱ्यात शिरते आणि ब्लू रिज डोंगररांग डाव्या हाताला ठेवून दक्षिणेला उतरते. नैर्ऋत्येला जाताना 4,500 किंवा 6,500 फूट, ईशान्येला परतताना 5,500 किंवा 7,500 फूट, म्हणजे समोरून येणारं विमान आपल्या उंचीवर नसतं. परतीच्या 5,500 फुटांवर आले की मला दरवेळी कळसूबाईची आठवण येते. शिखराची उंची 5,400 फूट. लहानपणी ती चढताना मला धाप लागली होती. इथे त्याच उंचीवर मागे एक कुत्रं झोपलेलं असतं.

आणि ती झोपतात, हे खरं आहे. उड्डाणानंतर दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक कुत्री अंगाचं मुटकुळं करून झोपी जातात. लोकांना वाटतं, त्यांना उडायला आवडतं. मला तसं वाटत नाही. इंजिनाचा आवाज एका सुरात लागला, थरथर सारखी राहिली, की त्यांना घाबरायला नवं काही उरत नाही, आणि आठवडे न आठवडे पिंजऱ्यांच्या भुंकण्यात काढलेल्या जनावराला एकदाची झोप लागते. आवाजात बदल झाला की तीच कुत्री ताडकन उठून बसतात.

ही गोष्ट मी चौथ्या फेरीत शिकले. शेफर्डच्या मिश्र जातीचं मोठं कुत्रं होतं. त्याचा गळपट्टा मी साध्या पट्ट्याने मागच्या सीटबेल्टला अडकवला होता. दोन तास ते शांत झोपलं. घरच्या धावपट्टीला उतरण्यासाठी मी शेवटून दुसरं वळण घेतलं, इंजिनाची ताकद कमी केली आणि पंखांमागच्या फ्लॅपची कळ खाली केली. फ्लॅप हलवणारी मोटर विजेची आहे, ती चिरक्या आवाजात फिरते. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. आपल्या कानाला ती मोटर जशी लागते त्याहून त्याला ती किती वेगळी लागत असेल याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. कुत्रं उसळलं, पट्ट्याची कडी निसटली, आणि पुढच्या दोन सीटांमधून त्याचे पुढचे दोन्ही पाय माझ्या उजव्या हातावर आले. इंजिनाची ताकद ठरवणारं थ्रॉटल त्या हातात होतं. जमीन 700 फूट खाली होती.

मी उतरणं सोडलं. पूर्ण ताकद दिली, फ्लॅप टप्प्याने वर घेतले, कोपराने त्याला मागे रेटत 2,000 फुटांवर गेले आणि गर्दीपासून लांब, शेतांवर, दहा मिनिटं घिरट्या घालत राहिले. एका हाताने विमान धरायचं, दुसऱ्या हाताने त्याची मान खाजवायची. ते थरथरत होतं. ते पुन्हा आडवं झाल्यावर मी फ्लॅप न लावता, धावपट्टीची लांबी वापरत उतरले. इंजिन बंद केल्यावर माझे गुडघे दारातून उतरण्याच्या कामाचे राहिले नव्हते.

तेव्हापासून लहान कुत्रं असलं तर पिंजरा, तोही पट्ट्यांनी आवळलेला. मोठं असलं तर मागची सीट काढून, वजनाच्या कागदात तशी नोंद करून, जमिनीवर गादी घालते आणि हार्नेस दोन्ही बाजूंच्या सीटबेल्टच्या कड्यांना बांधते. सीटबेल्टचा नियम माणसांसाठी आहे. कुत्रं त्या हिशेबात सामानात मोडतं. पण सामान भिऊन उडी मारत नाही. फ्लॅपचा पहिला टप्पा मी आता जमिनीपासून खूप वर असतानाच लावते, आणि इंजिनाची ताकद एकदम न काढता थोडी थोडी कमी करत येते.

वजनाचंही तसंच. आमच्या विमानाला कमाल 2,300 पौंडांची मर्यादा, पूर्ण भरलेलं पेट्रोलच 240 पौंड. एकदा “ऐंशी पौंडांचा आहे” असं सांगितलेला पांढरा झुबकेदार कुत्रा आला तो 108 पौंडांचा निघाला. फोनवरची बाई खोटं बोलली नव्हती, तिने डोळ्यांनी अंदाज केला होता. आता माझ्याबरोबर न्हाणीघरातला वजनकाटा असतो. कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. उचलता येत नसेल तर दोघांनी उचलायचं.

गॉगल आणि मोठे हेडफोन घातलेल्या, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या कुत्र्यांचे फोटो लोकांना फार आवडतात. स्वतःच्या घरच्या, महिनाभर सवय लावलेल्या कुत्र्याला कानांवर काही घालणं योग्यच आहे. आत नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज असतो. पण ज्याची-माझी ओळख वीस मिनिटांची आहे, त्याच्या डोक्यावर फोटोसाठी काही आवळणं मला पटत नाही. मी लोकरीची एक सैल पट्टी कानांवरून ओढते. ती काढून टाकली तर टाकू देते. झोपेचं औषधही मी कुणाला देऊ देत नाही. गुंगीतलं जनावर तोल सावरू शकत नाही, त्याचा रक्तदाब उतरू शकतो, आणि वर हवेत आपण काही करू शकत नाही. हे मला अण्णांनी फोनवर पहिल्याच फेरीआधी बजावलं होतं. पिल्लांचं आणखी वेगळं. लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून पार्व्हो विषाणूच्या भीतीने त्यांचे पाय विमानतळाच्या गवताला लागू द्यायचे नाहीत. कडेवरून कडेवर.

एका फेरीबद्दल लिहिल्याशिवाय हे सांगणं खरं होणार नाही. 2014 चा मार्च. वायव्येचा वारा डोंगरमाथ्यावर 30 नॉट्सच्या पुढे जाणार हे मी सकाळी वाचलं होतं. असा वारा रांग ओलांडून पलीकडे कोसळतो आणि पूर्वेच्या अंगाला हवा उकळत्या पाण्यासारखी होते. त्या आठवड्यात शेल्टरचे दोन फोन येऊन गेले होते आणि मला नाही म्हणवत नव्हतं. परतताना खोऱ्यात ढग खाली होते म्हणून मी रांगेच्या पूर्वेने आले. चाळीस मिनिटं विमान माझ्या हातात होतं असं म्हणता येणार नाही. नकाशा छताला जाऊन आपटला. मागे काळं-पांढरं कुत्रं होतं, त्याने ओकारी केली, मग अंगाखाली मुतलं, आणि मग ते ओरडायला लागलं. भुंकणं नव्हे. मी तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

शेजारी माणूस असता तर मी म्हटलं असतं, अजून दहा मिनिटं, तो डोंगर संपला की संपलं. मला डोंगर दिसत होता. त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याच्यासाठी हे कधीच संपणार नव्हतं.

तेव्हा मला अण्णांची राजदूत मोटरसायकल आठवली. 1977 साल असेल, मी नऊ वर्षांची. ढेबेवाडीजवळ ट्रॅक्टरखाली पाय सापडलेलं एक कुत्रं कराडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. अण्णांनी राजदूतच्या टाकीवर गोणपाट टाकलं, पायाला बांबूच्या कामट्या बांधून कुत्र्याला त्यावर आडवं घेतलं आणि मला मागे बसवलं. सगळी वाट त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवली. मागून एसटी आली, ट्रक आले, सगळे हॉर्न देत पुढे गेले. मी म्हटलं, अण्णा, लवकर चला ना, त्याला दुखतंय. ते म्हणाले, “खड्डा मला दिसतो, त्याला दिसत नाही. हळू मीच जायचं.”

त्या मार्चच्या फेरीनंतर मी दोन महिने कुत्री नेली नाहीत. परत सुरू केलं तेव्हा आकडे लिहून ठेवले: डोंगरमाथ्यावर वारा 20 नॉट्सच्या वर असला तर नाही, ढगांची उंची अमुक नसली तर नाही, उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला चाकं उचलायची, अकराच्या आत परतीला निघायचं. त्यानंतर अनेकदा नाही म्हटलं आहे. एका जूनमध्ये दुपारी वादळांची रांग खोऱ्यावर येणार होती. शेल्टरच्या बाई फोनवर म्हणाल्या, मंगळवारपर्यंतच जागा आहे. मी नाही म्हटलं. पलीकडे काही क्षण कुणी बोललंच नाही. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. सोमवारी कुणीतरी सुट्टी काढून ती दोन कुत्री व्हॅनमधून उत्तरेला नेली, अकरा तास. त्या माणसाला मी कधी भेटले नाही.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात असंच एक छोटं विमान पडलं. त्यात तीन कुत्री होती. वैमानिक गेला, एक कुत्रं गेलं, दोन वाचली. मी त्या वैमानिकाला ओळखत नव्हते, पण ती बातमी वाचली त्या दिवशी मी कामावर गेले नाही. आमचं विमान जिथे असतं तिथे जाऊन बसले. मागची सीट काढलेली होती आणि गादीवर कुठल्यातरी कुत्र्याचे केस होते.

बिस्किटच्या फेरीला हवा चांगली होती. अण्णा माझ्या उजव्या हाताला, हेडसेट लावून, हातात छोटा टॉर्च. उड्डाणाआधी ते मला हिरड्यांचे रंग सांगत होते: गुलाबी ठीक, पांढुरक्या म्हणजे धक्का किंवा अंगात रक्त कमी, निळसर म्हणजे प्राणवायू पुरत नाही, विटकरी लाल म्हणजे उष्माघाताची शंका. “आणि चेरीसारख्या लाल असल्या तर?” मी विचारलं. “मग धूर,” ते म्हणाले. “बंद खोलीत शेगडी ठेवली की होतं ते.” मी त्यांना समोरच्या पट्टीवर लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा डबा दाखवला. या विमानात गरम हवा इंजिनाच्या धुराच्या नळीभोवतून येते. नळीला चीर गेली तर तो वायू आत येतो, त्याला वास नसतो. अण्णांनी डब्याकडे बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

एप्रिलचं ऊन जमिनीवर चांगलंच तापलं होतं. वर हजार फुटांमागे दोन अंश कमी होतात, त्यामुळे 5,500 फुटांवर हवा सुखाची होती. विंचेस्टरपाशी अण्णांनी मागे वळून टॉर्च टाकला, बिस्किटचा ओठ उचलला. तिने डोळे उघडले नाहीत.

पेन्सिल्व्हेनियाची शेतं संपत आली तशी मी खाली यायला लागले. सवयीने मिनिटाला 500 फूट. माणसांना ते चालतं. दोन मिनिटांत मागून हालचाल ऐकू आली. बिस्किट उठून बसली होती, डोकं झटकत होती, पंजाने कान घासत होती.

“कान दाटलेत तिचे,” अण्णा म्हणाले. “आपण गिळतो, जांभई देतो. तिला कुणी सांगितलंय गिळ म्हणून?” त्यांनी डब्यातून शेंगदाण्याचं लोणी बोटावर घेतलं आणि हात मागे केला. ती चाटायला लागली, गिळायला लागली. मी नाक थोडं वर घेतलं, उतरणीचा काटा 300 वर आणला. आता खाली यायला पंधरा मिनिटं लागणार होती. म्हणजे मी अठ्ठावीस-तीस मैल आधीच सुरुवात करायला हवी होती. त्या दिवशी उरलेली उंची मी एक मोठा वळसा घेऊन संपवली. अण्णा सगळा वेळ अर्धे वळून बसले होते. त्या वयात मानेला ते जड जात असणार. बोट चाटून संपलं की ते पुन्हा डब्यात घालत होते.

उतरल्यावर मी इंजिन बंद केलं. पंखा पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दार उघडत नाही, तो नियम मी कधीच मोडत नाही. त्या शांततेत बिस्किटने दीर्घ श्वास सोडला. तिला न्यायला आलेलं कुटुंब कुंपणापाशी उभं होतं. दहा-बारा वर्षांची मुलगी हातात नवा पट्टा घेऊन. अण्णांनी तिला इंग्रजीत, जपून शब्द निवडत, सांगितलं की पहिली चार-पाच मिनिटं कुत्रीकडे पाठ करून बस. मुलगी लगेच डांबरावर बसली.

अण्णा आता 87 वर्षांचे आहेत, कराडला असतात. शुक्रवारी रात्री, म्हणजे त्यांच्या शनिवारी सकाळी, त्यांचा फोन येतो. ऐकू कमी येतं, त्यामुळे ते विचारतात जास्त आणि ऐकतात थोडं. परवा म्हणाले, “या खेपेला कोण आहे?”

“दोन पिल्लं, अण्णा. एकत्र चौदा पौंड.”

“लसी?”

“एकच झालीय. खाली ठेवणार नाही.”

“वारा?”

“डोंगरावर बारा नॉट्स.”

“खाली येताना किती?”

“तीनशे.”

“अडीचशे कर,” ते म्हणाले. “पिल्लं आहेत.”